करकरत्या वहाणांच्या मागं

लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याच्या टाचाच मला जास्त ओळखीच्या होत्या. हसू नका. आमच्या कुरुंद्यात तेव्हा घरोघरी हेच होतं. नवरा पुढं, बायको दहा पावलं मागं, पदर भुवयांखाली ओढलेला आणि नजर नवऱ्याच्या टाचांवर. दिवसाउजेडी त्याच्याशी बोलायचं नाही, सासूसमोर तर त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. डाव्या टाचेला उभी भेग आणि उजव्या घोट्यावर लहानपणी विळा लागल्याचा वण, एवढी माझी ओळख पक्की. गर्दीत उभं करून ‘ह्यातला तुझा कोणता?’ असं कुणी विचारलं असतं, तर मी सगळ्यांना आधी पाय दाखवा म्हणाले असते.

या पाच वर्षांत मला लेकरू झालं नव्हतं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. आत्याबाईंनी आखाडा बाळापूरची एक पोरगी मनात धरून ठेवली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण भाकरी थापताना बाईचे हात गुंततात, कान मोकळेच असतात. पोरगी अंगानं चांगली आहे, आईला सात लेकरं आहेत, एवढं सगळं मला चुलीपाशी बसून कळलं होतं. ह्यांनी त्यावर काय म्हटलं ते मात्र कळलं नव्हतं. हे कशावरच काही म्हणत नसत.

दुसरी करायची म्हणजे पहिलीला आधी वाटेला लावायची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका बाईला तिचा नवरा औंढ्याच्या जत्रेला घेऊन गेला. पोटभर बुंदी खाऊ घातली, हातभर बांगड्या भरल्या आणि परतताना तिच्या माहेरच्या दारात उतरवून दिलं. महिन्याभरात घरात दुसरी आली. तेव्हापासून कुणाच्या नवऱ्यानं गोडधोड आणलं की आम्ही विहिरीवर एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो.

आता मला सांगा, अशात चैत्राच्या एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, “उद्या औरंगाबादेकडं जायचं हाय तुमा दोघांला. वेरूळच्या महादेवाला नवस बोलून या. आन दोन्ही चांगली लुगडी बराबर घे,” तर माझं काय झालं असेल?

हळद शिजवून, वाळवून नुकतीच वसमतच्या बाजारात गेली होती. माझे हात मनगटापर्यंत पिवळे होते. त्या पिवळ्या हातांकडं बघत मी तिथंच बसून राहिले. दोघंच? आम्ही दोघं मिळून कधी मळ्यातसुद्धा गेलो नव्हतो. आणि दोन दिवसांच्या नवसाला दोन्ही लुगडी कशाला? तिसरं माझ्याकडं होतंच कुठं? म्हणजे माझा सगळा पसारा उचलून न्यायचा, असंच ना? थोरल्या जावेला विचारलं तर ती म्हणाली, “बाई, मला काहून विचारून राहिलीस? मजा हाय तुझी.” असा राग आला की हातातला तांब्या तिच्या डोक्यात घालावा वाटलं. माझा स्वभाव तापट आहे, तेव्हाही होता, फक्त तेव्हा तो पदराखाली झाकून ठेवावा लागे.

निघायच्या दिवशी हे अंगणात आले ते कुर्र कुर्र वाजत. नव्या कोऱ्या वहाणा. गावच्या कारागिराला सांगून दोन तळव्यांच्या मध्ये काहीतरी घालून घेतलेल्या, पाऊल टाकलं की बोलणाऱ्या. आणि हा माणूस असा, की सदऱ्याचं बटण तुटलं तर वर्षभर तसाच हिंडेल. जाऊ पटकन बोलून गेली, “अगं माय, नवरदेव निघाला जणू!” मग तिनं जीभ चावली. मला काय समजायचं ते मी समजले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर तेव्हा घोड्यावरच बसलं होतं.

वसमतच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी, तिथून पूर्णेपर्यंत रेल्वे, पूर्णेला गाडी बदलून औरंगाबाद. माझं माहेर साखऱ्याचं, म्हणजे हिंगोलीच्याही पलीकडं, अगदी उलट दिशेला. त्यामुळं जाताना मला धास्ती नव्हती. धास्ती होती ती परतीची. पूर्णेहून येताना वसमतला उतरलो तर मी सासरची. वसमत मागं टाकून गाडी हिंगोलीकडं निघाली की समजायचं, बाई, तुझा बाजार उठला. तिकिटं ह्यांच्या खिशात आणि मला अक्षरओळख नाही. निजामाचं राज्य, पाट्या उर्दूत. म्हणजे माझं नशीब ह्यांच्या खिशात आणि तेही मला न वाचता येणारं.

बायकांच्या डब्यात एकीनं माझे पिवळे हात बघितले आणि विचारलं, “नवी नवरी का गं?” मी म्हटलं, “न्हाई, जुनीच हाय.” सगळा डबा हसला. मी नाही हसले.

औरंगाबादेत स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. तिथंही पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, आता टांगा करून वेरूळला जायचं. पण टांग्यात पुढं बसून हे टांगेवाल्याला म्हणाले, “पाणचक्की.” मी मागच्या बाजूला, घोड्याकडं पाठ करून बसलेली. नवस पाणचक्कीला कधीपासून बोलायला लागले, मला कळेना.

पाणचक्की म्हणजे पाण्यावर चालणारं जातं. डोंगरातून नळानं पाणी येतं, खाली पडतं आणि जातं आपोआप फिरतं. दळायला बाई लागत नाही. मी त्या जात्याकडं बघतच राहिले. आमच्या घरात माझा काही उपयोग असेल तर तो जात्यावरच होता, आणि इथं तर जात्यालाही बाई नको.

बाहेर मोठा वड होता आणि हौदात मासे होते. हे हौदाच्या कडेला उभे राहिले. मी दहा पावलांवर.

“मासे हायत,” हे माशांकडं बघत म्हणाले.

मासे होते हे मलाही दिसत होतं.

“एक बोलायचं होतं,” हे पुन्हा माशांना म्हणाले.

आता बोलणार. इथंच बोलणार. मी वडाच्या पारंबीला हात लावून उभी राहिले, म्हटलं पडायला नको. तेवढ्यात पाच-सहा माणसांचं एक बिऱ्हाड हौदापाशी आलं. ह्यांनी घसा खाकरला. “मंग बोलू,” म्हणाले आणि कुर्र कुर्र करत चालायला लागले.

बाहेर येऊन ह्यांनी जिलबी घेतली. द्रोण माझ्यासमोर दगडावर ठेवला आणि आपण चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. गरम जिलबी, पाक टपकत होता. आणि मला समोर दिसत होती त्या गल्लीतल्या बाईची बुंदी. एक तुकडा तोंडात घातला तो उतरेचना. मी गुपचूप उठून उरलेली सगळी माशांना घालून आले.

“गोड आवडत न्हाई का?” ह्यांनी विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा ह्यांना माझ्या आवडीचा प्रश्न पडला होता.

“आवडतं,” मी म्हणाले, “पण परक्या गावात न्हाई.” दिवसाउजेडी एवढं बोलून गेले आणि माझी मीच दचकले.

दुसऱ्या दिवशी टांगा दौलताबादला गेला. किल्ल्यात एक अंधारा बोगदा आहे, त्याला अंधेरी म्हणतात. शत्रू आत आला की वाट चुकून आपल्याच माणसांना मारायचा, असं वाट दाखवणाऱ्यानं सांगितलं. त्याच्या हातात पलिता होता, पण आम्ही मागं राहिलो आणि वळणावर उजेड गेला. वटवाघळं फडफडली. मी जागीच थांबले. टाचा दिसत नव्हत्या, मग कशाच्या मागं जाणार? तर अंधारात माझ्या मनगटाला हात लागला. ह्यांचाच. वहाणा तिथं जवळच कुरकुरल्या म्हणून कळलं. त्या हातानं मला सगळी अंधेरी पार करून नेलं, आणि उजेडाची पहिली रेघ दिसली तसा तो सुटला. हे पुढं, मी दहा पावलं मागं.

इतकं बरं वाटलं मला! आणि लगेच वाटलं, का? कशासाठी? टाकायची असलेल्या बाईचा हात कुणी धरतं का? की टाकायची आहे म्हणूनच, शेवटचा म्हणून धरला? किल्ला उतरेपर्यंत माझं डोकं गरगरत होतं, आणि ते काही चढणीमुळं नव्हतं.

खाली टांगेवाल्यानं विचारलं, “वेरूल बी चलना क्या, पटेल? यहां से पासच है.” वेरूळ तिथून पुढं चारच कोस होतं. मी कान टवकारले. हे थोडा वेळ त्या रस्त्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “न्हाई. वापस चला.”

घोडा वळला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवसाच्या नावानं घर सोडलं आणि देव चार कोसांवर ठेवून माघारी निघालो. याचा अर्थ मी एकच लावला. ज्या बाईकडून लेकरू नकोच आहे, तिच्यासाठी देवापुढं पदर कशाला पसरायचा? धर्मशाळेत त्या संध्याकाळी मी दुसरं लुगडं पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवलं. रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला. बोलून तरी टाका ना, बाप्पा! ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं?

तिसऱ्या दिवशी मकबरा बघायचा आणि तिथून गाडी धरायची. सुट्टीचा दिवस असावा, माणसांचा लोंढा होता. फाटकातून आत गेलं की लांबच लांब फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंना सुरूची झाडं, आणि समोर पांढरी इमारत. चौथऱ्याखाली सगळ्यांनी वहाणा काढून वर जायचं. ह्यांनी आपल्या नव्या वहाणा कडेला नीट जोडून ठेवल्या. वर गेल्यावर दगडी जाळीतून खाली कबर दिसते. बायकांची गर्दी होती, मी जाळीला डोळा लावून उभी राहिले. त्या बेगमेसाठी एवढं सगळं बांधलं, ती तरी नवऱ्याच्या किती पावलं मागं चालत असेल, असं काहीबाही मनात येत होतं. तेवढ्यात खालून आवाज आला. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.

हे निघाले! मला न सांगता निघाले! मी पदर सावरत पायऱ्या उतरले. गर्दीतून त्या वहाणा मला पुढं दिसल्या, वर पांढरं धोतर. मी त्यांच्या मागं लागले. पण ह्यांची चाल ही नव्हे. हे रमतगमत चालणारे, आणि आज वहाणा नुसत्या पळत होत्या. कुर्रकुर्रकुर्रकुर्र, एकदाही थांबेनात, मागं वळेनात. दहा पावलांचं अंतर वीस झालं. मी धावायला लागले. मनात एकच, हे पळून चाललेत. साखऱ्याला नेऊन सोडायचीही तसदी नको, म्हणून इथंच, परक्या शहरात, मकबऱ्यात सोडून चाललेत. फाटकाबाहेर वहाणा एका टांग्यात चढल्या. टांगा हालला तशी मी मागच्या बाजूनं दांडा धरून वर चढले आणि पाठमोरी बसले. सुटले नाही मी! मला टाकणं एवढं सोपं नाही, म्हटलं.

टांगा शहागंजच्या बाजारात थांबला. पुढून आवाज आला, “उतर गं बिगीनं.”

हा आवाज आमचा नव्हता. मी पदर वर केला आणि वळले. मोठ्या पांढऱ्या मिशांचा, पन्नाशीचा एक माणूस माझ्याकडं डोळे फाडून बघत होता.

“अगं माय! तुमी कोण?”

“तू कोण? माझी बायको कुठंय?”

“तुमची बायको तुमी सांभाळा! माझा मालक कुठंय ते बोला!”

“मला काय ठावं तुझा मालक!”

“ठावं न्हाई? मंग त्यांच्या वहाणा तुमच्या पायात काहून?”

माणसं जमली. टांगेवाला म्हातारा मुसलमान होता, दाढी कुरवाळत त्यानं त्या माणसाच्या पायांकडं बघितलं. “हौ,” तो म्हणाला, “ये सवाल बराबर है.” मग त्या माणसाची मान खाली गेली. पैठणकडचा शेतकरी होता तो. आपल्या जुन्या वहाणा सोडून शेजारच्या नव्या पायात सरकवल्या होत्या, आणि कुणी हाक मारेल म्हणून मागं न बघता पळत सुटला होता. बायको येतच असेल दहा पावलं मागं, नेहमीसारखी. टांग्यात मागं कुणीतरी चढलेलं त्याला कळलं, झालं, त्याची खात्री पटली.

“क्या मियां,” टांगेवाला म्हणाला, “जूता पैचान को उठाये, औरत बिना पैचाने?” बाजार हसला. एक जण मला म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा, शोधून आणतो. आता नाव मी कशी घेणार? मी म्हटलं, नाव नको, टांगा वळवा. टांगेवाल्यानं तोंडातून आवाज काढला आणि घोडा मकबऱ्याकडं फिरवला. या खेपेला मी पुढं तोंड करून, त्या माणसाच्या पायांवर नजर ठेवून बसले होते.

हे सुरूच्या झाडाखाली उभे होते, अनवाणी, कुणाच्या तरी जुन्या वहाणा बाजूला काढून ठेवलेल्या. मला बघितलं आणि हे तिथंच मटकन खाली बसले. जरा लांब, पाठ फिरवून, एक बाई बसली होती. तीच पैठणची. दोघे पुरुष वहाणांवरून चार शब्द बोलले, पण त्यात जोर नव्हता. दोघांचीही एकाच जागी चूक झाली होती, आणि ती वहाणांची नव्हती.

त्या बाईनं माझा हात धरून मला बाजूला नेलं. चाळिशीची असेल. तोंडावर पदर दाबून ती आधी पोटभर हसली, मग डोळे पुसले आणि जे सांगितलं ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते.

“बाई, मी पायऱ्यांपाशी आमच्या जुन्या वहाणांवर नजर ठिवून उभी. तुझे मालक आले, आपल्या वहाणा शोधल्या, त्या न्हाई म्हून ह्या घातल्या आन चालायला लागले. मी त्यांच्या मागं. झाडापाशी थांबले. मागं न बघताच बोलाया लागले. म्हणाले, तीन दिस झाले बोलीन बोलीन म्हणतोय. घरात आपल्याला बोलायला कोपरा न्हाई, म्हून नवसाचं निमित्त काढून तुला भाईर आणली. बाळापूरची पोरगी मला करायची न्हाई. वेरूळला म्हूनच गेलो न्हाई. देवाला मागितलं आन देवानं न्हाई दिलं, तर समदे तुझ्यावरच ढकलतील. म्हून मागायचंच न्हाई. घरी जाऊन मायला सांगणार हाय, पर आधी तुला इचारतो, बिनलेकराचं राहणं तुला चालंल का?”

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. “मग?”

“मंग काय! मला वाटलं आमचेच बोलून राहिलेत, आवाज बसला असंल. पर मला तर चार लेकरं हायत, आन आमचे इतकं गोड कवा बोलले न्हाईत. भ्यानं मी मान हालवली. तर म्हणाले, वहाणा गेल्या, जाऊ दे. तुला ऐकू याव्यात म्हून केल्या होत्या. पदर डोळ्यावर, परकी गर्दी, चुकलीबिकलीस तर? आन मागं न बघता फुटाण्याचा पुडा धरला. मी हात पुढं केला. त्यांनी माझा हात बघितला, त्यावर हळद नव्हती. तवा वळले. बाई, असा पांढराफटक पडलेला बाप्या मी उभ्या जल्मात बघितला न्हाई.”

मला काय वाटलं? काही विचारू नका. हसू, रडू, लाज, सगळं एकदम. तीन दिवस ज्या वहाणांचा राग राग केला त्या माझ्याकरता वाजत होत्या. आणि ज्या शब्दांसाठी माझा जीव टांगणीला लागला होता ते दुसरीच ऐकून बसली होती. पैठणची बाई उठताना म्हणाली, “खूश हो, पर लई हुरळू नको. भाईरगावी बोललेलं घरच्या उंबऱ्यात टिकतं का, ते बघ आधी.”

स्टेशनावर गाडीची वाट बघताना हे म्हणाले, “ती बाई काई बोलली का?”

“न्हाई,” मी म्हणाले.

का खोटं बोलले ते मलाच नीट कळलं नाही. ह्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं, हे एक. आणि त्या बाईचं शेवटचं बोलणं मनातून जात नव्हतं, हे दुसरं. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं. गाडी आली. हे पुरुषांच्या डब्यात गेले, मी बायकांच्या.

वसमतला गाडी थांबली तेव्हा स्टेशन कोणतं ते मला कळलं नाही. मी ट्रंकेवर हात ठेवून बसले होते. खिडकीबाहेर कुर्र कुर्र आवाज आला आणि थांबला. “उतरायचं,” हे म्हणाले. मी उतरले. निम्मा जीव तिथं भांड्यात पडला. निम्मा अजून घरी पडायचा होता.

आत्याबाई अंगणात बसून जोंधळे पाखडत होत्या. जाऊ दारात, दीर गोठ्यापाशी. आम्हाला बघून आत्याबाईंनी विचारलं, “झाला का नवस बोलून?”

ह्यांनी वहाणा काढल्या, पाय धुतले, पाणी प्याले. आत्याबाईंनी त्याचा अर्थ त्यांच्या मनासारखा लावला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “देवाचंबी झालं. आता मंगळवारी बाळापूरची माणसं येऊन राहिलीत. मी सांगावा धाडलाय. पोरगी बघायला काय बिघडतं?”

मी ट्रंक घेऊन दहा पावलांवर उभी होते. हे अजून गप्पच. मनात म्हटलं, झालं. पैठणची बाई खरी निघाली. ह्यांनी वहाणा परत पायात घातल्या आणि गोठ्याकडं निघाले. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.

मग आवाज थांबला. हे वळले. आईसमोर, भावासमोर हे माझ्याकडं वळले, आणि ती दहा पावलं चालत आले. माझ्या पिवळ्या हातांकडं बघितलं.

“पदर वर घे जरा,” म्हणाले.

मी पदर वर घेतला. ह्यांनी माझ्या तोंडाकडं नीट, वेळ घेऊन बघितलं. मीही बघितलं. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता, तो मला माहीत नव्हता.

“बराबर हाय. तूच हायस,” हे म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, “बाळापूरला मी न्हाई सांगणार हाय. बिनलेकराचं राहणं तुला चालंल का?”

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. जोंधळे चटईवर सांडले. शहागंजच्या भर बाजारात परक्या पुरुषाशी भांडलेली बाई मी, आणि त्या अंगणात मला आवाज सापडेना.

“व्हय,” मी शेवटी म्हणाले. “तिथंबी व्हयच होतं.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आधी कान लाल झाले, मग हसू फुटलं. हे हसताना कसे दिसतात ते मी त्या दिवशी बघितलं.

“तिथं म्हंजी कुठं?” आत्याबाई विचारत होत्या. “काय चाललंय काय तुमा दोघांचं? तिथं म्हंजी कुठं?”

आम्ही दोघांनीही त्यांना ते कधीच सांगितलं नाही.